एका ‘काऊन’ची तयारी

आमच्या बी.एड. कॉलेजात गणित शिकवण्याची पद्धत शिकवणारे जे सर होते, ते एका शब्दाला जाम चिडत. शब्द कोणता, तर ‘सोपं’. पाठ घेताना कुणाच्या तोंडून ‘हे तर सोपं आहे’ असं निसटलं की सर वही मिटायचे, चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. पाठ खलास. मागून कितीही हातापाया पडा, त्या दिवशी तो चष्मा पुन्हा नाकावर चढत नसे. पहिल्या महिन्यात आमच्या तुकडीतल्या एकालाही हा शब्द टाळता आला नाही. मी तर तीन वेळा सापडले.

आम्ही अकरा जण होतो, अकराच्या अकरा एम.एस्सी. गणित. नागपूरला राहून मोठमोठ्या सिद्धता घोकून आलेलो. सातवी-आठवीचं गणित आता आम्हाला कोण काय शिकवणार, अशी आमची घमेंड. सरांनी आमची नावं कधी लक्षात ठेवलीच नाहीत, किंवा ठेवली असतील तर दाखवलं नाही. सगळ्यांना एकच हाक, ‘यमेस्सी’. ‘ए यमेस्सी, फळा वरून खाली पूस, आडवा कायले पुसून राहिली?’ त्या हाकेत मान होता की टोमणा, हे वर्षभर कळलं नाही. मला वाटतं टोमणाच होता.

माणूस उंच, हडकुळा, खांद्यात वाकलेला. शर्ट दोनच, एक निळा आणि एक तोच निळा पण धुवून पांढरा झालेला. गोंदियाला लागून मुर्री आहे, तिथे भाड्याच्या खोलीत राहायचे, सायकलनं यायचे. लग्न केलंच नाही की बायको माहेरी गेली ती आली नाही, याबद्दल कॉलेजात दोन मतं होती आणि विचारायची हिंमत कुणातच नव्हती. डब्यात भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. ते उभ्यानं, खिडकीपाशी खायचे. पंचवीस वर्षं तासिका तत्त्वावर होते. दरवर्षी जुलैत नवा आदेश निघायचा, की यंदाही यांना ठेवलं आहे. जिल्ह्यातले निम्मे गणित शिक्षक त्यांच्या हाताखालून गेलेले, सगळे कायम झाले, आणि सर मात्र दर जुलैत नव्यानं लागत होते. याचं त्यांना काही वाटत असेल तर ते बोलून दाखवत नसत. आम्हीही कधी विचारलं नाही. आम्हाला आमचीच पडलेली.

पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला ‘एका हाताचं गणित’ शिकवलं. त्यात आकडे चारपर्यंतच. पाच झाले की एक हात. सहा म्हणजे एक हात एक, सात म्हणजे एक हात दोन. ऐकायला पोरखेळ. मग सरांनी तोंडी विचारायला सुरुवात केली. तीन आणि चार? एक हात दोन. बरं. आता एक हात दोनाची तिप्पट सांग, आणि बोट माझ्याकडे. मी ठोकून दिलं, तीन हात सहा. सगळे हसले, कारण तेवढ्यात कुणाला तरी कळलं होतं की सहा म्हणजे पुन्हा एक हात एक, आणि उत्तर चार हात एक. मी सुधारायला गेले तर आणखी चुकले. सर टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, ‘चाल ना वं, सोपं आहे.’ वर्षभरात त्यांनी तो शब्द स्वतः उच्चारला तो एवढाच, आणि मुद्दाम. माझे कान तापले. रडू येईल असं वाटायला लागलं, चोवीस वर्षांच्या घोडीला.

‘कसं वाटून राहिलं?’ सरांनी विचारलं.

मी बाकाच्या कडेवर नख ओढत राहिले.

‘सातवीतल्या पोट्टीले रोज असंच वाटते. बस खाली.’

खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा राग आला. शहाणपण नाही आलं.

आता बी.एड.चं गणित असं असतं. वर्षात वीस सराव पाठ घ्यायचे, खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांसमोर. प्रत्येक पाठाचं टाचण काढायचं, आणि पाठ झाला की निरीक्षण वहीत सरांचा शेरा आणि सही घ्यायची. वीस सह्या नसतील तर प्रात्यक्षिकाचे गुण नाहीत, गुण नाहीत तर निकाल नाही. बाकीच्या विषयांचं बरं असायचं. मोबाईलवर तयार टाचणं फिरायची, ती उतरवून काढली की त्यांचे सर एका बैठकीत पाच-पाच सह्या ठोकून द्यायचे. काही जण तर फक्त परीक्षेला उगवायचे, त्यांच्याही वह्या भरलेल्या असत. आमचे सर मात्र प्रत्येक पाठाला स्वतः हजर. वर्गात शेवटच्या बाकावर पोरांमध्ये जाऊन बसायचे, गुडघे बाकाच्या बाहेर. शेरा एका ओळीचा. ‘फळ्याशी बोलली, पोरांशी नाही.’ ‘आवाज मोठा, सांगणं लहान.’ एकाला लिहिलं होतं, ‘वर्ग शांत होता, कारण झोपला होता.’ तो शेरा आम्ही ग्रुपवर टाकून दोन दिवस हसलो.

पण सही शेऱ्यानंतर लगेच नाही मिळायची. सर आधी फळ्यावरची तारीख बघायचे. सात तारीख असेल तर हजेरी क्रमांक सात उभा. अठरा असेल तर अठरा. आज शिकवलेलं त्यानं आपल्या भाषेत सांगायचं, आणि सांगून झालं की सर विचारायचे, ‘काऊन?’ म्हणजे असं का. पोरानं त्या ‘काऊन’चं उत्तर दिलं तर सही, नाही तर पाठ पुन्हा. एकतीसच्या पुढच्या नंबरवाली पोरं निर्धास्त असत, त्यांना कुणी उठवत नसे.

आम्ही एम.एस्सी.वाले. चाल ओळखायला आम्हाला किती वेळ लागणार? तारीख आपल्याला आधीच माहीत, म्हणजे नंबर माहीत. मग मधल्या सुट्टीत त्या नंबरचं पोर गाठायचं, त्याला कोपऱ्यात घेऊन उत्तर पाठ करून घ्यायचं, आणि वर एका ‘काऊन’ची तयारी करून द्यायची. चॉकलेट द्यायचं. सर ‘काऊन’ एकदाच विचारतात, हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. माझ्या पहिल्या अठरा सह्यांमधल्या किती अशा पढवून घेतलेल्या होत्या, ते सांगत नाही. निम्म्याहून जास्तच.

आणि माझी घाई साधी नव्हती. गोरेगावकडे आमचं गाव, आम्ही पोवार, घरी धानाची शेती. माझ्या पाठच्या दोन बहिणींचं सगळं जुळत आलेलं आणि मी थोरली अजून शिकतेच आहे, म्हणून घरात रोज आईची कुरकुर. बाबा बोलायचे कमी, पण एकदाच नीट बोलले होते. हे एक वर्ष तुझं, नोकरी लागली तर तू म्हणशील तसं, नाही तर मी म्हणेन तसं. कितीतरी वर्षांनी शिक्षक भरतीची जाहिरात येणार अशी हवा होती आणि ती आलीही, नेमकी आमच्या शेवटच्या महिन्यांत. निकाल हातात असेल त्यालाच अर्ज करता येणार होता. ही हुकली की पुढची कधी, देवालाच माहीत. माझ्या वहीत अठरा सह्या होत्या. दोन हव्या होत्या. दोन सह्या आणि सगळा जन्म, असं ते होऊन बसलं होतं माझ्यापुरतं.

एकोणिसावा पाठ होता ऋण संख्यांचा गुणाकार, सातवीला. शाळा नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची. तारीख बावीस. हजेरी क्रमांक बावीसला सगुणा नावाची मुलगी होती, गोंडांच्या घरची, बाप जंगल खात्यात रोजंदारीवर. बोलायची इतकं हळू, की हजेरीसुद्धा शेजारचीच द्यायची तिची. मी तिला सुट्टीत आंब्याखाली घेऊन बसले. वजा दोनचा पाढा फळ्यावर उलटा मांडणार होते. वजा दोन गुणिले दोन वजा चार, गुणिले एक वजा दोन, गुणिले शून्य शून्य. मग गुणिले वजा एक किती? तिला म्हटलं, तू म्हण, दोन. सर ‘काऊन’ म्हणतील. मग म्हण, ओळ दर वेळी दोननं वाढत जाते म्हणून. पाच वेळा म्हणवून घेतलं. तिनं पाचही वेळा नीट म्हटलं, आणि माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, झालं काम.

पाठ झाला. सरांनी तारीख बघितली, बावीस. सगुणा उठली. सांगितलं. ‘काऊन?’ तिनं तेही सांगितलं, न अडखळता. मी वही पुढे करायच्या बेतात होते.

सर म्हणाले, ‘बरोबर. पण ओळ दोननंच काऊन वाढते?’

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, ‘बाईनं एवढंच सांगतलं होतं.’

मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. ती तशीच उभी, डोळ्यांतून पाणी. सर उठून तिच्याजवळ गेले, तिला बसवलं, म्हणाले, तू खरं सांगतलं बाई, तुझं काही चुकलं नाही. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वहीत लिहिलं, ‘पाठ रद्द. मुलीला वापरलं.’

बाहेर आल्यावर मी पुष्कळ सांगून पाहिलं. सगळेच असं करतात, हेही सांगितलं, लाज सोडून. सर सायकलचं कुलूप काढत ऐकत होते. म्हणाले, हाच पाठ पुन्हा घे, याच वर्गात, आणि या वेळी तारीखबिरीख काही नाही, सगुणाच सांगेल. तिले समजलं की सही.

तिथेच सगळं अडलं. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा सगुणा गैरहजर. पोरांनी सांगितलं, बी.एड.वाल्या बाई येणार असं कळलं की ती येत नाही. दुसऱ्या खेपेला मी सरांना म्हटलं, दुसरी कुणी चालेल का. त्यांनी मान हलवली. ‘तिच्या घरी जाय. तूच घालवली, तूच घेऊन ये.’ तिचं गाव शाळेपासून चार किलोमीटर. बस जात होती, मी नाही गेले. लाज वाटली असं आता म्हणते, पण तेव्हा लाजेपेक्षा माजच जास्त होता. एका सहीसाठी मी, एम.एस्सी. फर्स्ट क्लास, पोरीच्या दारात जाऊन उभी राहू? अर्जाची मुदत जवळ येत होती. रात्री झोप लागत नव्हती, आणि दिवसा जो तो ग्रुपवर एकमेकांना विचारत होता, तुझ्या किती झाल्या. एकट्या माझंच नव्हतं. अकरापैकी सात जणांच्या सह्या अडकल्या होत्या.

तेव्हा कुणीतरी तक्रार अर्जाची गोष्ट काढली. प्राचार्यांनाही सर नकोच होते. न येणाऱ्या पोरांच्या वह्यांवर ते सही करत नसत, हे प्राचार्यांचं दुखणं. प्रश्न एवढाच होता की लिहिणार कोण. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, अक्षर चांगलं, मराठी चांगलं. मी लिहिला. मुद्देसूद. सर घेतलेले पाठ रद्द करतात. अभ्यासक्रमात नसलेलं एका हाताचं गणित शिकवून वेळ घालवतात. नावानं हाक न मारता टोमणे मारतात. अपमानकारक शेरे लिहितात. भरतीची मुदत माहीत असून अडवणूक करतात, त्यानं मानसिक त्रास होतो. पाच मुद्दे. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी तो अर्ज खोटा होता. हे मला लिहितानाच कळत होतं. बाप्पा, मला कळत होतं.

बुधवारी आम्ही अर्ज घेऊन गेलो. नेमके सर त्या दिवशी कॉलेजात नव्हते, रजेचा अर्जही नव्हता. प्राचार्यांनी हजेरीपट बघितला आणि म्हणाले, हेही घाला. मी तिथेच त्यांच्या टेबलावर सहावा मुद्दा लिहिला, वारंवार विनापरवानगी गैरहजर राहतात. वारंवार हा शब्द माझा. प्राचार्यांनी आमच्या वह्या मागवून घेतल्या आणि उरलेल्या जागी स्वतः सह्या केल्या. एकोणिसावी, विसावी. विसावा पाठ तर मी घेतलाच नव्हता. गुरुवारी तिसऱ्या तासाला माझा एकोणिसावा पाठ पुन्हा लावलेला होता, तो मी कॉलेजच्या फलकावरून खोडून टाकला आणि घरी जाऊन गाढ झोपले.

जुलैत सरांचा आदेश निघाला नाही. त्यांना कुणी कळवलंही नाही. पहिल्या दिवशी ते आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले, आणि दुपारी शिपायानं सांगितलं, सर, तुमचं नाव नाही यंदा. डबा खाऊन गेले म्हणतात. मी तेव्हा तिथे नव्हते, हे मला ऐकून माहीत.

माझी भरती झाली. तालुक्यातच, जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात. बाबांनी गावभर पेढे वाटले. मी चांगली शिक्षिका आहे, असं लोक म्हणतात. वर्गात ‘सोपं’ म्हणत नाही. पोरांना एका हाताचं गणितही करायला लावते, आणि ते कुणी शिकवलं असं विचारलं तर कॉलेजात शिकले म्हणून सांगते.

मागच्या हिवाळ्यात गोरेगावच्या बाजारात सर दिसले. भाजी घेत होते. निळाच शर्ट. मी वळून जाणार होते, पण त्यांनी पाहिलं आणि नावानं हाक मारली. माझ्या नावानं. यमेस्सी नाही. म्हणजे नाव माहीत होतं त्यांना. एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो म्हणाले, पावत्या फाडतो, बरं चाललं आहे. शाळा कोणती, वर्ग कोणते, हे सगळं विचारलं. मग सहज, वांगी निवडता निवडता म्हणाले,

‘अर्ज तू लिहिला होता न वं?’

मी उगीचच समोरच्या ढिगातलं एक वांगं उचललं.

‘मले वाचायला दिला होता प्राचार्यांनी. मस्त लिहिला होता. एकातून दुसरा मुद्दा निघून राहिला होता. असा पाठ घेतला असता तू, त पहिल्याच खेपेले सही केली असती मी.’

यात राग असता तर मी सहन केलं असतं. राग नव्हता. ते मनापासून सांगत होते, वहीत शेरा लिहावा तसं.

मी कशीबशी म्हणाले, ‘सर, ते गैरहजरीचं मी...’

‘तेही खरंच होतं. नव्हतो मी त्या दिवशी. सगुणाच्या गावी गेलो होतो.’ त्यांनी वांगी पिशवीत टाकली. ‘तू जाशील असं वाटलं नाही, आणि तुह्या अर्जाची तारीख निघून चालली होती. तिची माय धाडत नव्हती. पोट्टीले पुन्हा रडवाल, म्हणे. संध्याकाळपर्यंत बसलो अंगणात. मंग पोट्टीच म्हणाली, येतो मी.’

मी विचारलं, आली होती का.

‘आली ना. गुरुवारी. पहिल्या बाकावर बसली. तिसरा तास गेला, चौथा गेला. मले म्हणे, बाई येते न सर? मी म्हटलं, येते. बस सुटली असंल.’ मग पिशवीला गाठ मारत म्हणाले, ‘शाळा सुटेपर्यंत बसली होती. त्याच्यानंतर नाही आली मंग ती शाळेत.’

त्यांची बस लागली तशी ते निघाले. पिशवी सांभाळत चढले, खिडकीशी जागा मिळाली नाही, उभेच राहिले. मी माफी मागितली नाही. लोक होते आजूबाजूला, असं मी स्वतःला सांगितलं. नंतर जाईन, निवांत बोलेन, असंही सांगितलं. सगुणाचं गाव कोणतं ते मला माहीत आहे. सरांची राइस मिलही माहीत आहे. माझ्या शाळेपासून एसटीनं पाऊण तास. मधे उन्हाळ्याची सुट्टी येऊन गेली, दिवाळीची येऊन गेली. मी अजून कुठेच गेलेली नाही.